एकादशीची बाटली

हॅलो? … हॅलो! कोण बोलतंय? … अगं अक्का, तू होय! मोठ्यानं बोल. तुझ्या तिरुविसनल्लूरचा फोन म्हणजे विहिरीत उतरून कोणी हाक मारतंय असं वाटतं. … हो, हो, मी कृष्णवेणीच. दुसरं कोण उचलणार? या घरात माझ्याखेरीज एक पाल आहे, ती काही फोन घेत नाही.

… नाही गं, कामात कसली? दारात कोलमची रांगोळी घालून झाली, पेपर वाचून झाला. उप्पुमा टाकत होते. … आज एकादशी आहे, ठाऊक आहे मला. … अक्का, सकाळी सकाळी सुरू नको करू. मला बीपीची गोळी घ्यावी लागते, गोळीखाली पोटात काहीतरी लागतं. तू कर ना निर्जळी, मी आडवी आलेय का? … हं. पुण्य तू मिळव, मी तुझी बहीण म्हणून स्वर्गाच्या दारातून आत सुटेन.

बोल, काय म्हणतेस? … गुडघा? डावाच ना? … अजून तेच? … मग किती महिने सांगतेय, ये इकडे, ये इकडे. … हो, तोच. सुयांचा डॉक्टर. चंद्रमौली. इथेच मेलकावेरीत, माझ्या घरापासून चौथं दार. … चिनी कसला! आपलाच माणूस आहे, कपाळाला विभूती लावून बसतो. आधी एम.बी.बी.एस. झाला, मग मद्रासला जाऊन हे शिकला. भिंतीवर कागद टांगलाय, मी चष्मा लावून वाचला. … वाचायचाच मुळी. लाज कसली त्यात?

… दुखतं का? मुंगी चावल्यागत. मग तिथे जड-जड वाटतं. वीस मिनिटं पडून राहायचं, तो पंखा बंद करतो तेवढाच काय तो छळ.

… मला? मला निम्मं बरं वाटतंय. … निम्मं, अक्का. सहा महिन्यांनी जमिनीवर बसून कोलम घातली, हे काय थोडं झालं? … पूर्ण कसं बरं होईल? झिजलेलं हाड सुईनं भरून येतं होय! तोही तसं म्हणत नाही. पहिल्याच दिवशी म्हणाला, अम्मा, दुखणं कमी होईल, गुडघा नवा होणार नाही. म्हणून तर बसले त्याच्यापुढे. … कोण? मीनाक्षीबाई? ती काय म्हणते? … सुयांनी शुगर जाते, बीपी जातं, टकलावर केस येतात… आणि नवऱ्याचा राग? तो नाही का जात? अगं, सगळं बरं करतो म्हणणाऱ्याच्या पायरीवरूनच मागे फिरायचं.

… काय? गोळ्या बंद केल्या तिनं? सुया घेते म्हणून? … ऐय्यो! तिला सांग, कृष्णवेणी ओरडत होती म्हणून सांग. सुया आपल्या जागी, गोळ्या आपल्या जागी. गोळी बंद करायची तर जिनं लिहून दिली त्या डॉक्टरणीला विचारून. … हो, हो, अगं ऐक ना, तुलाही तेच सांगतेय. तू गेलीस की तुझं सगळं दुखणं त्याला सांगायचं, सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्यायच्या. गुडघ्यापुरतंच बोलले, असं नको.

आणि त्याच्याकडेच काय, कुठेही गेलीस तरी, सुई दिसली की विचारायचं, ही कोणाची? … हसतेस काय? पाकीट माझ्यासमोर फोडा म्हणायचं. … त्याला काय वाटेल? काहीही वाटो! भाजीवालीकडचं वांगं तू चार वेळा उलटं करून बघतेस, आणि अंगात शिरणारी सुई बघायला लाजतेस? एकाच्या अंगातली दुसऱ्याच्या अंगात गेली की कावीळ येते, आणि हल्ली तो नवा रोग आलाय, त्याला तर औषधच नाही. तीस वर्षं वॉर्डात काढली मी, उगीच नाही बडबडत.

… आणि हो, मोजायच्या. किती टोचल्या, किती काढल्या. … का म्हणजे? गेल्या महिन्यात घोट्यात एक राहून गेली. सायकल रिक्षातून उतरताना पदरात अडकली तेव्हा कळलं. … रडते कशाला, परत गेले आणि त्याच्यापुढे पाय ठेवला. बिचारा पांढराफटक पडला. आता काढताना तो मोठ्यानं मोजतो, आणि मी त्याच्याहून मोठ्यानं.

… कधी येतेस मग? … आज? आज कशी येशील? … नको, नको, आज नकोच. उपाशीपोटी सुया घ्यायच्या नसतात. भोवळ येते. परवा एक मामी कसलंसं व्रत करून आली, सुया टोचल्या आणि तिथेच डोळे फिरवले. उद्या ये. द्वादशीचं पारणं कर, चार घास नीट खा, आणि दहाच्या बसनं ये. …

… काय? थांब. परत बोल. … उपाशी नाहीस? निर्जळी म्हणालीस ना आत्ता? … बाटली लावून येतेस? … कसली बाटली, अक्का? … शक्तीची. पिवळी. … शिरेतून?

… ग्लुकोज म्हणतेस तू. … कोण लावतो? … गुरुमूर्ति? कंपाउंडर गुरुमूर्ति, तो सायकलला पेटी बांधून फिरतो तो? … घरी येतो. बरं. … आणि गावात सगळेच घेतात? तुझ्या शेजारचा वरदराजही? … कापणी झाली की एक, मुलीचं लग्न झालं की एक. वा! पानसुपारी झाली म्हणायची.

अगं तिच्यात असतं काय, सांगू? पाणी. आणि पाच चमचे साखर. आणि वरून रंगाला ते पिवळं जीवनसत्त्व. दोन इडल्या खाल्ल्या तर तेवढीच ताकद येते, आणि इडलीला सुई लागत नाही. … जुलाब-उलट्या झाल्या, तोंडानं काही ठरत नाही, तेव्हा ती बाटली म्हणजे प्राण. एरवी नुसतं ओझं. तुला काय झालंय बाटली लावायला? … सगळे घेतात म्हणून! शाबास.

ऐक, त्याला सांग, मला नको. तो आला की दारातूनच… आलाय? आत्ता? … अजून तुझी पाळी नाही. मग कोणाची आहे? … अक्का, कोणाला लावलीय?

… भावोजींना.

… ऐकतेय. … एकादशीला दर वेळी? केव्हापासून? … गेल्या मार्गळी महिन्यापासून. वर्ष झालं! आणि मला आज सांगतेस? … मी रागावेन म्हणून नाही सांगितलं. हो, रागावलेच असते.

अक्का, तो खोकतोय तो कोण? ते मागे ऐकू येतंय ते? … भावोजी? … कधीपासून खोकतायत? … सर्दी नाही गं ती. रात्री झोपतात कसे? … तीन उशा घेऊन. काल बसूनच होते. आणि पाय? पाय बघितलेस? … तू मला सांगतेस वहाणा आखूड झाल्या? वहाणा कशा आखूड होतील, अक्का! पाय सुजलेत ते.

बरं, सरि, सरि. रडू नको. मी ओरडत नाही. हे बघ, आता ओरडत नाहीये. मी विचारते तेवढं सांग. आडी महिन्यात तंजावरला नेलं होतं ना त्यांना, त्या हृदयाच्या डॉक्टरांकडे, काय म्हणाले होते ते? … हृदय मोठं झालंय. पुढे? … मीठ कमी. आणि? … पाणी मोजून प्या. बघ, तूच म्हणालीस. आणि लघवी जास्त व्हायची एक गोळी दिली होती, पांढरी, सकाळची. ती घेतली आज? … एकादशीला घेत नाहीत. गोळीबरोबर पाणी प्यावं लागतं म्हणून.

म्हणजे पाणी काढायची गोळी बंद, आणि वरून पाण्याची बाटली चालू.

अक्का, तिथून बाटली दिसते का तुला? कुठे टांगलीय? … झोपाळ्याच्या कडीला. किती संपली? … अर्धी. ऐक, नळीवर एक छोटं चाक आहे, गुरुमूर्तीला सांग ते फिरवून बंद कर. आत्ताच्या आत्ता. सुई ओढू नका, आधी चाक. … सांग मी म्हणतेय म्हणून, आस्पत्रीतली कृष्णवेणी अम्मा. … काय म्हणतो? … ऐया म्हणतील तरच, म्हणजे भावोजी. बरोबर, ऐयांची दक्षिणा, ऐयांचा हुकूम. मग ऐयांना सांग! … ते काय म्हणतात? … संपू दे. थोडीच राहिलीय. … अगं त्यांना सांग, हे चांगलं नाही त्यांना… काय? … उपास मोडत नाही, म्हणून घेतो. तोंडातून जात नाही, शिरेतून जातं, म्हणून एकादशीला चालतं.

आणि हे अगाध ज्ञान त्यांना दिलं कोणी? त्या गुरुमूर्तीनं? …

… मी?

… मी कधी म्हणाले? …

… हं.

… थांब, आठवू दे.  … हो. आठवलं. चौऱ्याऐंशी साली. पूर आला होता, आणि मागून जुलाबाची साथ. … हो, माझ्याच वॉर्डात होते. तेरा नंबरची खाट. … हो गं अक्का, म्हणाले होते मी. माझेच शब्द आहेत.

ऐक. तुला आज सांगते, दहा वर्षं नाही सांगितलं. त्या दिवशीही एकादशी होती. भावोजींचे डोळे आत गेले होते, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. आणि पाण्याचा थेंब घेईनात. मोठ्या डॉक्टरांनी हात जोडले, तरी नाही. सुई आणली तर हात ओढून घेतला. तू बाहेर व्हरांड्यात बसली होतीस, दोन्ही पोरं तुझ्या शेजारी. मग मी आत गेले आणि म्हणाले, भावोजी, हे शिरेतून जातं, तोंडातून नाही, उपास मोडत नाही. … विचारून कसलं आले! मठात गेलेच नव्हते मी. मोठ्या आचार्यांना विचारून आले असंही ठोकून दिलं. वॉर्डाच्या मागच्या दारात दहा मिनिटं उभी राहिले आणि परत आले, एवढंच. खोटं बोलले, अक्का. साफ खोटं.

… ओरड. ओरड माझ्यावर. उद्या आणखी ओरड. आत्ता फोन त्यांना दे. … पोचतो का फोनचा दोर झोपाळ्यापर्यंत? … मग दे. … झोपवलंय? आधी त्यांना उठवून बसव. पाय खाली सोडून, पाठीला उशा. बसव आधी. … बसले? … दे.

भावोजी? नमस्कार करते. कृष्णी बोलतेय. … बोलू नका, तुम्ही नुसतं ऐका. … नाही, काही झालं नाही मला, मी ठणठणीत आहे. … भावोजी, एक काम करा. संध्येला म्हणता ती केशवाची नावं म्हणून दाखवा मला. एका दमात. … म्हणा ना, मेहुणी मागतेय. …

… केशव. नारायण. … हं. … माधव. … थांबलात.

चोवीस नावं एका दमात म्हणायचात तुम्ही. आमच्या अप्पाजींना तर तुमच्या त्या दमाचंच कौतुक होतं, जावई शंख फुंकतो की काय म्हणायचे. आज तिसऱ्या नावाला थांबलात. … म्हातारपण नाही ते. पाणी भरलंय छातीत. आणि वरून ती बाटली आणखी पाणी घालतेय.

… ऐका ना. … हो, मी म्हणाले होते. माझं बोलणं तुम्ही ब्रह्मवाक्य मानलंत, हे ठाऊक आहे मला. म्हणूनच बोलावलं तुम्हाला फोनवर. …

भावोजी, ते खोटं होतं.

… आचार्यांना विचारलं नव्हतं मी. कोणालाच विचारलं नव्हतं. मीच रचलं. … त्या बाटलीत साखर असते. शिरेतून गेली काय, तोंडातून गेली काय, शेवटी रक्तातच जाते. उपास मोडतो की नाही ते मला कळत नाही, पण अन्न आहे ते. दोन इडल्यांएवढं अन्न. वर्षभर दर एकादशीला तुम्ही… हो. दोन इडल्या. …

… भावोजी? …

… ऐकताय ना? …

… मला शिव्या द्या हव्या तर.

… काय म्हणालात? … आता काहीच नको. सुई नको, गोळी नको, आज नुसतं पडून राहतो, काय ते उद्या पारण्यानंतर. … नाही. नाही, भावोजी. उद्यापर्यंत थांबायचं नाही हे. मी घाबरवत नाहीये, मीच घाबरलेय.   तीस वर्षांत असे खोकणारे किती पाहिले मी, सकाळी बोलत होते आणि संध्याकाळी… नाही. आस्पत्रीत या, आज, आत्ता, पाणी काढायची सुई दिली की दोन दिवसांत उठून बसाल. बरं होणारं दुखणं आहे हे. खरंच बरं होणारं. पण वेळेवर आलात तर.

… काय? हळू बोला, दम घेऊन. … त्या दिवशी खोटं का बोललीस.

… का म्हणजे. …

मी नर्स झाले तेव्हा अप्पाजींनी तीन महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं, आठवतं? परक्यांची घाण काढते म्हणून माझ्या हातचं पाणी कोणी घेत नव्हतं. आणि दिवाळीला तुम्ही आलात, सगळ्यांच्या देखत म्हणालात, कृष्णी, तांब्या आण. आणि गटागटा प्यायलात. … हो, आठवतं ना? मग, तो माणूस माझ्याच वॉर्डात पाण्यावाचून मरू देते होय मी? एक खोटं काय, शंभर बोलले असते. तुम्ही जगावंत म्हणून बोलले.

… हं? … आणि आज खरं का बोलतेस.

… त्याच्याचसाठी, भावोजी.

…

… हो. … हो. आहे मी.

… काय म्हणालात? … त्याला सांगताय? सांगा, सांगा. … ऐकू आलं. केलं बंद? तुम्ही बघितलंत थेंब थांबलेला? नीट बघा, त्या काचेच्या नळीत थेंब पडत नाही ना? … नाही पडत. बरं. … बरं झालं. आता बोलू नका. पाठ टेकून बसा, पाय खालीच ठेवा. गुरुमूर्तीला द्या एक मिनिट.

गुरुमूर्ति, इंगे केळु, इकडे ऐक! … हो, मीच. … तमिळमध्ये ओरडू की मराठीत, तुला दोन्ही कळतं, ऐयांकडे इतकी वर्षं येतोस. … बोलू नको, ऐक. सुई हळू काढ, कापूस पाच मिनिटं दाबून धर. सुई नवी होती का? … उकळलेली. किती वेळ? … चहाएवढा! चहाला तीन मिनिटं लागतात रे. आणि त्याआधी ती कोणाला टोचली होतीस? … आठवत नाही. बरं. त्यावर आपण नंतर बोलू, सवडीनं, माझ्या ओट्यावर बसून. … रडतोस कशाला? तुझी एकट्याची चूक नाही. त्यांनी मागितलं ते तू दिलंस, पण लावण्याआधी एक शब्द विचारायचा होतास, ऐया, हृदयाचं काही आहे का, काही गोळ्या चालू आहेत का. एवढंच. … हो, खरं आहे, शक्ती येते वाटतं त्यांना. वाटतं. … बाटली फेकू नको, उरलेली तशीच पाठव गाडीतून, डॉक्टरांना बघू दे काय होतं तिच्यात. आणि आता सायकल काढ आणि मणीला बोलाव. मणी ड्रायव्हर, पांढरी अँबॅसडर. घरी नसला तर पिंपळाखाली असेल. पळ. … पेटी राहू दे तिथेच, तुझी पेटी कोण खातंय!

हॅलो? … अक्का. हो, गेला तो. ऐक, आता तुझं काम. डोळे पूस आधी. गाडीत भावोजींना मागच्या सीटवर बसवायचं, आडवं नाही, बसवायचं. काचा खाली. तू शेजारी. तंजावरच्या डॉक्टरांचा कागद, सगळ्या गोळ्या, पिशवीत घाल. … धोतर-बितर नंतर, मी आणते काय लागेल ते. … पैसे नकोत, सरकारी आहे. … पाणी? ओठ ओले कर हवं तर, पेला नको. … आणि ओठ निळे दिसले, नाही तर घाम सुटला, तर मणीला सांग कुठे थांबायचं नाही. रेल्वे फाटक लागलं तर उतरून हात जोड त्या माणसाला. … हो, ओळखतील मला. कॅज्युअल्टीत सगळ्या माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरी आहेत. मी आत्ता फोन करते त्यांना.

… तू? तू काय? … तुझी बाटली! अजून बाटलीच? … बरं, चेष्टा करतेस. कर. हसलीस ना, तेवढं पुरे.

… गुडघ्याचं बघू गं. भावोजी घरी आले की तुला मीच धरून नेते चंद्रमौलीकडे, पोटभर खाऊ घालून. दोघी बसू शेजारी-शेजारी. तू माझ्या सुया मोज, मी तुझ्या.

… आणि ऐक, ती पांढरी गोळी. लघवीची. सकाळी घ्यायची राहिली ना? रोजचीच आहे, डॉक्टरांनीच दिलेली. ती आत्ता द्यायला हवी, गाडी येईपर्यंत. … घोटभर पाण्यानं. विचार त्यांना. … विचार तरी.

… काय म्हणतात? … पाण्यानं नको. … तीर्थानं? देवघरातलं? … एक पळी. हो, पळीभर पुरे गिळायला.

… हं. विचारतायत? … काय विचारतायत? …

तीर्थाबरोबर गोळी घेतली तर एकादशी मोडते का, कृष्णीला विचार.

…

… नाही, ऐकतेय गं. ऐकतेय. …

अक्का, त्यांना सांग, मला ठाऊक नाही.

… हो, असंच सांग. आचार्यांना विचारलं नाही, पोथी वाचलेली नाही. कृष्णीला हृदयाचं कळतं, एकादशीचं कळत नाही. सांग त्यांना. … सांग गं.

… सांगितलंस? … मग? …

… काय झालं? अक्का, कसला आवाज तो? … खोकतायत? … हसतायत!

… आणि गोळी? …

… घेतली? मला ठाऊक नाही म्हटलं, तरी घेतली?

… नाही, रडत नाहीये. उप्पुमा करपलाय, धूर झालाय सगळा. … गाडी वाजली का ती? मणीच तो, त्याचाच भोंगा. उठव त्यांना, हळू. … ठेव आता फोन. … अगं ठेव ना! मी निघाले, आस्पत्रीच्या गेटाशीच उभी असेन.